मोरसवाल्याचा नंबर

मॉरिशसला गेलेला पूर्वज शोधायचा तर त्याचं नाव बाजूला ठेवायचं आणि नंबर शोधायचा. हे मला तिथल्या ताईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं. नावं ढिगानं सारखी. सखाराम, बाबाजी, रामजी, पांडू नुसते मोजत बसावेत. नंबर मात्र ज्याचा त्याचाच. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक गिरमिटियाला, म्हणजे करारावर नेलेल्या मजुराला, तो मिळायचा आणि पुढे करार, लग्न, मूल, मरण, जिथे म्हणून कागद व्हायचा तिथे नावाशेजारी तो आकडा यायचा.

आमच्या घरात तर त्या माणसाचं नावही कुणाला माहीत नव्हतं. नुसता 'मोरसवाला'. आमचं गाव गुहागर तालुक्यात, शृंगारतळीपासून बरंच आत. पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी माहीत असलेल्या सगळ्यांची पानं झाली की आजी एक वाडी जास्तीची काढायची. कुणाची विचारलं तर, "मोरसवाल्याची." तो कोण, कधी गेला, याला उत्तर एकच: थोरल्या भावाशी भांडला आणि गेला. जुनी माणसं साखरेलाही मोरसच म्हणायची, त्यामुळे लहानपणी मला तो कुणी साखरेचा व्यापारी असावा असं वाटत असे. मॉरिशसचं आणि त्याचं नातं कळायला बरीच वर्षं जावी लागली.

कागदपत्रांची सवय मला मुलीच्या जात पडताळणीमुळे झाली होती. ज्यांनी ते केलंय त्यांना सांगायला नको. १९६७ च्या आधीचा पुरावा, आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, आणि या सगळ्याला बांधणारी वंशावळ, स्टॅम्पपेपरवर, प्रतिज्ञापत्रासह. ती वंशावळ मी स्वतः काढलेली. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे. त्यात एकही बाई नाही, आणि गाव सोडून गेलेला एकही पुरुष नाही. कामापुरती ती चोख होती, पडताळणी समितीनेही मान्य केली.

मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपती मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या, आणि सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांनाही ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते कार्ड, मिळेल असं जाहीर झालं. तोवर पणतूच्या पिढीपर्यंतच सोय होती. तिथल्या मराठी घरांचे इथून गेलेले बहुतेक पूर्वज १९ व्या शतकाच्या मध्यातले, म्हणजे आजची तरुण पोरं पाचवी-सहावी पिढी. एकदम सगळ्यांना खापरपणजोबांचे कागद हवे झाले. ताई तिथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. भाच्यासाठी त्यांनी कागद काढायला घेतले, गावाच्या नावाशी येऊन अडकल्या, आणि एका ओळखीच्या गुहागरकराने त्यांना माझा नंबर दिला. त्यांचं आणि आमचं घर एकच असेल असं तेव्हा दोघांच्याही मनात नव्हतं. दोन्ही घरांची नावं मी इथे मुद्दाम देत नाही.

तिथली पद्धत अशी. स्वतःच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करायची. त्यावर आईवडिलांची नावं. मग वडिलांचा जन्मदाखला, आजीआजोबांचा विवाहदाखला, असं एकेक पायरी वर चढत जायचं. जी पिढी मॉरिशसमध्ये जन्मली तिला नंबर नाही. जी भारतातून आली तिला आहे. त्यामुळे ज्या दाखल्यावर नावापुढे आकडा दिसेल, तिथे जहाजातून उतरलेला माणूस सापडला म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तिथे सुरुवातीला बापाचं नाव हेच पोराचं आडनाव होई आणि दर पिढीला ते बदले, मग कधीतरी एका पिढीत ते गोठलं आणि कायमचं झालं. ताईंचं आडनाव म्हणजे त्यांच्या पणजोबांचं पाळण्यातलं नाव. पणजोबांच्या सख्ख्या भावाचे वंशज वेगळंच आडनाव लावतात, आणि दोन्ही घरांमध्ये मध्यंतरी सोयरीक जुळवायचं घाटत होतं. कुणी म्हातारीने वेळीच अडवलं म्हणून बरं.

ताईंनी नंबर मिळवला होता. दोन लाखांच्या पुढचा आकडा. त्यावरून मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेतून उतारा काढला. सगळी इमिग्रेशन रजिस्टरं आता तिथे आहेत. तो उतारा त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवला. आगमन १८५९, बंदर मुंबई. वय २२. जात 'मऱ्हाटा'. झिल्ला 'रटनाघेरी'. तालुका 'उंजनवेल'. आणि गावाच्या नावाची कारकुनाने अशी काही स्पेलिंग केली होती की ती डोळ्यांनी वाचून उपयोग नव्हता.

उंजनवेल म्हणजे अंजनवेल, हे कोकणातल्या माणसाला लगेच कळतं. पण अंजनवेल आज दाभोळच्या खाडीच्या तोंडावरचं एक गाव आहे, गोपाळगडामुळे माहीत असलेलं. तालुका कसा? तर त्या काळी रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि मालवण असे होते. आजचा चिपळूण-गुहागरचा पट्टा अंजनवेलात यायचा. म्हणजे उताऱ्यावरचं गाव आमच्या आसपासचं होतं. हे मी जरा सविस्तर लिहितोय, कारण असे कागद हातात घेऊन मॉरिशसची माणसं थेट अंजनवेलला जातात आणि तिथे आपलं कुणी नाही म्हणून हिरमुसून परततात. ज्यांच्या उताऱ्यावर मालवण किंवा विजयदुर्ग आहे त्यांनी आज सिंधुदुर्गात शोधावं, तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. आणि सावंतवाडी असेल तर रत्नागिरीच्या दप्तरात वेळ घालवू नये, ते वेगळं संस्थान होतं.

गावाचं नाव मी काकांना वाचून दाखवलं. स्पेलिंगप्रमाणे, इंग्रजाने उच्चारावं तसं. काका पंच्याऐंशीचे, डोळ्यांना कमी दिसतं, कान शाबूत. दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाले, "ह्ये तं आपलंच गाव." गावातली जुनी माणसं गावाचं नाव जसं म्हणतात, शेवटचा स्वर ओढून, तसंच ते लिहिलेलं होतं. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या कारकुनाने समोरच्या कुणब्याच्या पोराच्या तोंडून जे ऐकलं ते उतरवलं, बस. पाटीवर आणि सातबाऱ्यावर जे शुद्ध नाव आहे ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काकांना खरा प्रश्न पडला. "पर ती बाय कशाला इचारत्येय? जमिनीत वाटा मागायला तं नाय ना?"

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. कोकणात सातबाऱ्यावर आधीच चाळीस नावं असतात, अर्धी मुंबईत, काही वारलेली, एखाद्या आतेच्या सहीसाठी वर्षानुवर्षं वाटप अडलेलं. त्यात परदेशातून कुणी वंशावळ विचारत आलं की भावकी सावध होणारच. मी त्यांना सांगितलं, ओसीआयवाल्याला इथे शेतजमीन विकतच घेता येत नाही. काकांचं समाधान झालं नाही. विकत घेणं वेगळं आणि वारसाने मागणं वेगळं, हे त्यांना वकिलापेक्षा चांगलं कळतं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात मी पुन्हा अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागच्या वेळी मला आजोबांपर्यंतच्या नोंदी पुरल्या होत्या. आता त्याच्याही मागे जायचं होतं, म्हणजे मोडी. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेपासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम दिवस आलेत. मला भेटलेले गुरुजी निवृत्त शिक्षक, सकाळी एका तालुक्यात तर दुपारी दुसऱ्या. आधी पानभर आडव्या रेघा ओढलेल्या आणि त्या रेघांना अक्षरं लोंबकळवलेली, शब्द कुठे संपला ते कळायला जागाच नाही. कागदाला बोट लागलं की कडेचा भुगा पडायचा, म्हणून गुरुजी पोस्टकार्डाने पान उलटायचे. एका पानावर ते थांबले. १८९० च्या सुमारातली मृत्यूची नोंद. मयताचं नाव, बापाचं नाव, कुणबी, वय अंदाजे साठ, कारण ताप. मयताचं नाव म्हणजे आमच्या वंशावळीत सगळ्यात वर असलेला पुरुष. आणि त्याच्या बापाचं नाव तेच, जे मॉरिशसच्या उताऱ्यावर मोरसवाल्याच्या बापाचं होतं.

नाव जरा विरळ आहे. म्हणून मी खोतीच्या बोटखतात पाहिलं. बोटखत म्हणजे गावातली कोणती जमीन कोणाकडे, किती धाऱ्याने, याचं जुनं पत्रक. खोती गावांसाठी, म्हणजे जिथे खोत सारा वसूल करायचा त्या गावांसाठी, रत्नागिरीत ते केलेलं आहे. त्यात त्या बापाच्या नावाचं आमच्या गावात एकच घर निघालं. गाव तेच, जात तीच, बाप तोच, आणि घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली ती वाडी. कोर्टात उभा राहील असा हा पुरावा नव्हे. मला तो पटला. कुणाला डीएनए चाचणीही करावीशी वाटेल. ताईंच्या भाच्याने ते सुचवलं होतं, पण काकांना थुंकी मागायला कोण जाणार?

ताईंना 'मऱ्हाटा' आणि 'कुणबी' यातला फरक खटकला. मला तो खटकला नाही. मुंबईहून आलेल्याला मऱ्हाटा म्हणून मोकळं व्हायचं, ही कारकुनी सोय होती.

दिवाळीनंतर मी आणि बायको मॉरिशसला गेलो. मुंबईहून थेट विमान आहे, आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. आप्रवासी घाट पाहिला. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून आले, तिथपासून पुढच्या आठ दशकांत साडेचार लाखांवर माणसं आली. त्यांतली बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची, मग मद्रासकडची. मुंबई बंदरातून निघालेली सगळ्यात थोडी. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि उसाला माणसं हवी होती, एवढं त्याचं कारण. २००६ पासून घाट जागतिक वारसा आहे. तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, आम्हीही काढले.

महात्मा गांधी संस्थेत मात्र वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता. मूळ रजिस्टर आमच्या हातात दिलं नाही, पडद्यावर पान दाखवलं. आडवं, रांगोळीच्या कागदासारखं चौकटीचौकटीचं पान. एका ओळीत एक माणूस. नंबर, नाव, बाप, वय, उंची, जात, खूण, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला. उंची पाच फूट दोन इंच. खूण: डाव्या नडगीवर व्रण. मळा ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातला. आजही तिकडच्या बाजूला मराठी वस्ती बरीच आहे.

नडगीवरचा व्रण वाचून बायको माझ्याकडे बघायला लागली. बांधावर पाय घसरून कोयती लागणं आमच्याकडे काही नवलाचं नाही, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या एकाची नडगी सरकारदरबारी लिहून ठेवलेली असेल हे डोक्यात शिरेना. थोरल्या भावाबद्दल आमच्याकडे काय आहे? तो मेला तेव्हाची एक ओळ. तो उंच होता की बुटका, कुणाला ठाऊक. जो गावात राहिला, नांगर धरला, वंश चालवला, त्याचा कागद एवढासा. आणि जो भांडून निघून गेला त्याची उंची इंचात.

पण त्या पानाने फार भारावून जाऊ नये. धाकट्याची खूण कुणी मायेने लिहिलेली नव्हती. करार काही वर्षांचा, पगार महिना पाच रुपयांच्या घरात आणि वर शिधा. एक दिवस कामावर नाही आला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, त्याला तिथे दुहेरी कापणी म्हणत. मळा सोडून पळाला तर पकडायला व्रण उपयोगी पडायचा. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर मजुराच्या ओळखीच्या तिकिटावर फोटो आला, आणि जवळ तिकीट न बाळगता रस्त्यात सापडणाऱ्याला भटक्या म्हणून आत टाकत. याविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यावर चौकशी आयोग आला. आमच्या माणसाचा फोटो मात्र मिळाला नाही. सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं.

मग त्याच्या बायकोचा नंबर शोधला. विवाहदाखल्यावर तिचाही आकडा होता, पण ताईंनी तो कधी पुढे नेला नव्हता, कारण ओसीआयला एक पूर्वज पुरतो. पडद्यावर तिची ओळ आली. बंदर कलकत्ता. झिल्ला शहाबाद, आरा. म्हणजे बिहार.

ताई दोन क्षण गप्प, मग हसायलाच लागल्या. "म्हणजे दादा, आम्ही भोजपुरी की!" त्यांचे थोरले भाऊ मात्र हसले नाहीत. तिथे मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी-हिंदी, प्रत्येकाची वेगळी मंडळं, वेगळी देवळं, आणि हे गृहस्थ मराठी मंडळात सारी हयात घालवलेले; गणपतीत अजून झाकरी नाचवतात, म्हणजे आमची जाखडीच, ढोलकीवर तोच ठेका. घरात सगळे क्रिओल बोलत असले तरी गण मराठीतच. त्यांना आपली मूळ आजी आऱ्याची निघणं जड गेलं. पण मुंबईच्या जहाजांतून बायका आल्याच कमी, तर पोरं लग्नं कुणाशी करणार? मला विचाराल तर या शोधातला सगळ्यात मोलाचा कागद तोच. माझ्या वंशावळीत आमच्या घरातल्या एकाही बाईचं माहेर लिहिलेलं नाही. थोरल्याची बायको कुठल्या गावची, हे आता जगातल्या कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. धाकट्याची बायको शहाबाद जिल्ह्यातून येऊन एकटी जहाजात चढली, हे वयासकट लिहिलेलं आहे.

परतायच्या आदल्या संध्याकाळी त्या थोरल्या भावांनी कपाटातून एक खरेदीखत काढलं. फ्रेंचमध्ये, नोटरीकडचं, शेवटी सहीच्या जागी फुली. १८८० नंतर साखरेचे भाव पडले तसे मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकडे पाडून विकायला काढली, हप्त्यांवर, आणि करार संपलेल्या भारतीयांनी ती घेतली. मोरसवाल्याने दोन अर्पां घेतले होते. अर्पां म्हणजे एकराहून किंचित जास्त. १८६६ ते ६८ च्या हिवतापाच्या साथीत त्या बेटावर माणसं मुंग्यांसारखी मेली, हा वाचला, आणि पन्नाशीत जमिनीचा धनी झाला. त्या जागेवर आज ताईंच्या भावांची घरं आहेत, पाठीमागे थोडा ऊस.

विमानात मी तारखा मांडत बसलो. धाकट्याने जमीन घेतली तेव्हा इथे थोरल्याचं नाव बोटखतात होतं ते कूळ म्हणून. जमीन खोताची. अर्धेल, म्हणजे अर्धं पीक, घालायची, वेठ करायची. खोती बंद करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात १९३७ मध्ये मांडलं, कायदा झाला १९४९ मध्ये, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुठे आमच्या आजोबांचं नाव मालक म्हणून लागायला सुरुवात झाली. म्हणजे धाकटं घर थोरल्यापेक्षा दोन-तीन पिढ्या आधी जमीनदार झालं.

भाच्याचा अर्ज पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयात दाखल झाला, जोडीला आम्ही इथून पाठवलेली कोतवाल बुकाची नक्कल आणि तिचं भाषांतर. वंशावळीत मी थोरल्याशेजारी एक फांदी तुटक रेघेने काढली, तिच्याखाली नंबर लिहिला, आणि आऱ्याची बाईही घातली. गणपतीला ताई आणि त्यांचे भाऊ यायचं म्हणतायत.

हे सगळं काकांना सांगायला गावी गेलो. म्हटलं, काका, काळजी सोडा, तो गेला तेव्हा जमीन आपली नव्हतीच, खोताची होती, वाटा कसला मागतील? उलट त्याने तिकडे स्वतःची घेतली, आपल्या कितीतरी आधी. काका बराच वेळ पान लावत बसले. चुन्याची डबी बंद केली.

"दोन एकर म्हनलास?"

"थोडं जास्तच."

"मंग सख्ख्या भावाचा वौंस आपून. त्यात आपला वाटा निघंल काय, त्ये इचारलास काय त्या बायला?"